हुकूम मिळाला, पैसे कुठे आहेत? कौटुंबिक वकिलीत येणाऱ्या तरुणांना खुले पत्र

यंदा सनद घेऊन ‘मी फॅमिली करणार’ असं ठरवलेल्या तरुण वकील मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

पोटगीचा हुकूम मिळवून देणारे वकील आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या हुकमातला रुपया पक्षकाराच्या खात्यात पडेपर्यंत फाइल न सोडणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही या दुसऱ्या गटात यावं, एवढ्यासाठी हे पत्र. बाकी जे सांगणार आहे ते त्याच्याच अनुषंगानं.

मी पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका कोर्टांत कौटुंबिक प्रकरणं चालवते. हा विषय मी निवडला नाही, तो मला देण्यात आला. ‘मुलगी आहे, फॅमिली द्या तिला, सोपं असतं’ हे वाक्य मी ज्युनियर असताना ऐकलं आणि आजही बाररूममध्ये ऐकते. त्यातला ‘मुलगी आहे’ हा भाग सध्या बाजूला ठेवू, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. ‘सोपं असतं’ याबद्दल बोलू. सुरुवातीला ते खरंच सोपं असतं, म्हणून तर हा समज टिकून आहे. अर्जाचे मसुदे सिनियरच्या कॉम्प्युटरवर तयार असतात. नावं बदलली, लग्नाची तारीख बदलली, ‘शारीरिक व मानसिक छळ’ तसाच ठेवला की अर्ज तयार. पोटगीसारख्या प्रकरणांत महिला पक्षकाराला कोर्ट फी नाही, राज्य सरकारनं १९९४ सालीच ती माफ केली आहे. पुराव्याचे नियमही सैल. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वादाचा निकाल लावायला उपयोगी पडेल असं वाटलं, तर एरवी पुराव्यात न बसणारा कागदही न्यायाधीश पाहू शकतात. एवढं सगळं हाताशी असल्यावर हुकूम मिळवायला वेळ लागतो, अक्कल फारशी लागत नाही.

त्याच कायद्याचं कलम १३ एकदा नीट वाचून ठेवा. कौटुंबिक न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क पक्षकाराला नाही, न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती मिळते. वकीलपत्राबरोबर अर्ज जोडायचा आणि कामाला लागायचं. पण कायदा करणाऱ्यांच्या मनात आपल्याबद्दल काय होतं ते त्यातून कळतं. वकील आला की भांडण वाढतं, अशी त्यांची समजूत होती. चाळीस वर्षांत ती आपण खोटी पाडली असं छातीठोकपणे सांगणारा वकील मला अजून भेटायचा आहे.

आता कागदांकडे वळू. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘रजनेश विरुद्ध नेहा’चा निकाल दिला. प्रकरण आपल्याच नागपूरचं. २०१३ सालच्या अर्जातल्या अंतरिम पोटगीचा वाद २०२० पर्यंत चालू होता. अंतरिम म्हणजे किती अंतर, ते यावरून समजा. त्या निकालानं पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवून दिलं, आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचं हेही. बहुतेक ज्युनियर हा नमुना पक्षकाराच्या हातात देऊन ‘भरून आणा’ म्हणतात आणि समोरच्याचं शपथपत्र आलं की पंच करून फाइलला लावतात. वाचत नाहीत. अहो, अर्धं प्रकरण त्यातच असतं.

एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. नवरा कारखान्यात नोकरीला. शपथपत्रात हातात पडणारा पगार साडेएकोणीस हजार, सोबत पगारचिठ्ठी जोडलेली. चिठ्ठी अस्सल होती. पण वरून खाली वाचत गेलं तर एकूण पगार बावन्न हजार, आणि कपातीच्या रकान्यात पीएफची ऐच्छिक वाढीव वर्गणी, कामगार पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, त्याच पतसंस्थेत आवर्ती ठेव आणि विम्याचे दोन हप्ते. पतसंस्थेचं कर्ज घेतलं होतं नोटीस बजावली त्याच्या पुढच्या महिन्यात. न्यायालय कर आणि सक्तीची कपात तेवढी वजा धरतं, स्वतःच्या मर्जीनं करून घेतलेली नाही. पण हे कोणीतरी उठून बोटानं दाखवावं लागतं. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असताना न्यायाधीश पगारचिठ्ठीच्या सतराव्या ओळीपर्यंत पोचतील, या भरवशावर राहू नका.

खातेउताऱ्याचंही तसंच. पगार जमा झालेला दिवस सगळेच पाहतात. तुम्ही पाहा की हप्ता कोणाच्या गाडीचा जातो, दर महिन्याला ठरावीक रक्कम कुठल्या खात्यात वळते. ते खातं शपथपत्रात नसेल तर उलटतपासाचा पहिला प्रश्न तिथेच सापडला. आणि आपल्या पक्षकाराचं शपथपत्रही तितक्याच खडूसपणे तपासा. बाई ब्लाउज शिवून चार पैसे मिळवत असेल तर ते लिहा. ‘उत्पन्न काहीही नाही’ असं ठोकून द्यायचं आणि समोरच्या वकिलानं यूपीआयचे व्यवहार काढले की तोंड लपवायचं, हे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कोर्टात घडतं. थोडंफार कमावते म्हणून पोटगी नाकारली जात नाही. खोटं बोलली हे एकदा नोंदीवर आलं, की तिच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

शेतकरी नवऱ्याची तऱ्हा वेगळी. नोटीस हातात पडली की तो तालुक्याला जाऊन आईच्या किंवा भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून मोकळा होतो, आणि कोर्टात शपथेवर सांगतो, ‘माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही.’ सांगतो ते त्या दिवसापुरतं खरं असतं. म्हणून आजचा सातबारा काढून भागत नाही. जुना काढा, फेरफार काढा, आणि नोटिशीची तारीख व फेरफाराची तारीख एकाखाली एक लिहून न्यायाधीशांसमोर ठेवा, भाषण करायची गरज पडत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३९ या प्रसंगासाठी तोंडपाठ असू द्या. मिळकतीच्या उत्पन्नातून ज्याला पोटगीचा हक्क आहे, त्याला तो जमीन फुकटात घेणाऱ्याविरुद्ध किंवा हक्काची माहिती असूनही घेणाऱ्याविरुद्ध बजावता येतो. त्याच्याही आधी, अर्जातच मिळकतीवर बोजा मागा. हे ज्युनियरांना कोणी शिकवत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात पोटगीचा बोजा चढला की सोसायटीचं पीककर्ज अडतं, जमीन विकायला काढली तर घेणारा मागे सरतो. मग जो माणूस तीन वर्षं समन्स घ्यायला घरी सापडत नव्हता, त्याचा चुलता आपणहून तडजोडीचा निरोप घेऊन ऑफिसात येतो.

समजा हे सगळं जमलं आणि हुकूम झाला. इथून पुढे बहुतेक वकिलांचा रस संपतो. पक्षकाराला नक्कल दिली, पेढे खाल्ले, फाइल कपाटात. आणि इथूनच खरं काम सुरू होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चं पोटकलम ३ उघडा (१ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ होतं, बाररूममध्ये अजून सगळे ‘एकशे पंचवीस’च म्हणतात). पोटगीचा हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या हप्त्यासाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. बाई ‘आज देतील, उद्या देतील’ म्हणत दीड-दोन वर्षं वाट पाहते, मध्ये नणंदेचं लग्न, सासऱ्याचं आजारपण अशी कारणं ऐकून घेते, आणि मग आपल्या दारात येते. तोवर सुरुवातीचे हप्ते या मार्गानं गेलेले असतात. कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम असेल तर दिवाणी दरखास्तीचा, म्हणजे दिवाणी मार्गानं हुकूम बजावून घेण्याच्या अर्जाचा, रस्ता उरतो, कारण १९८४ च्या त्याच कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १८ खाली तो बजावता येतो आणि ‘रजनेश’मध्येही पोटगीचे हुकूम पैशाच्या डिक्रीसारखे (दिवाणी हुकूमनाम्यासारखे) बजावता येतात असं म्हटलं आहे. पण मुळात ही वेळ येऊ द्यायचीच कशाला? हुकूम झाला त्याच दिवशी डायरीत दहा महिन्यांनंतरच्या पानावर बाईचं नाव लिहून ठेवा, आणि फोन तुम्ही करा.

वॉरंटाचं काय होतं? ते निघतं, पोलीस ठाण्यात जातं आणि ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. मिळून न आलेला हा माणूस त्याच आठवड्यात गावच्या जत्रेत लेझीम खेळताना फेसबुकवर दिसतो. पोलिसांना शिव्या देऊन उपयोग नाही. त्यांच्याकडे बंदोबस्त असतो, चोऱ्या असतात, पोटगीचं वॉरंट गठ्ठ्याच्या तळाशी जातं. ते वर आणणं हे आपलं काम. वॉरंटाबरोबर नुसता आधार कार्डावरचा पत्ता देऊ नका. कामाचं ठिकाण, पाळीची वेळ, मोबाइल नंबर, अलीकडचा फोटो द्या. तारखेच्या आठवडाभर आधी ठाण्यात जाऊन वॉरंट कोणत्या हवालदाराकडे आहे ते विचारा. मुन्शीला पाठवू नका, स्वतः जा. काळा कोट बाहेर उभा असला की कागद हलतात. तरीही तोच शेरा आला तर त्या शेऱ्यावर अर्ज द्या आणि फोटोची प्रत जोडा.

काही नवरे तयारीचे असतात. ‘महिनाभर आत बसतो, पण हिला पैसा देणार नाही’ असं भर कोर्टात सांगतात, आणि त्यांना तसं सांगणारे वकीलही असतात. १९८८ सालीच सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की तुरुंगवास हा वसुलीसाठी दबाव आणण्याचा उपाय आहे, त्यानं थकबाकी फिटत नाही. आत जाऊन आला तरी देणं शिल्लकच. हे तुमच्या पक्षकाराला कोणी सांगितलेलं नसतं. उलट गावातल्या शहाण्यांनी तिला ‘तो जेलात जाऊन आला, आता विसर’ असं पटवलेलं असतं.

नोकरदारासाठी पगार जप्तीइतका खात्रीचा उपाय नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पोटगीच्या डिक्रीपोटी पगाराचा एक तृतीयांश भाग सुरक्षित, उरलेले दोन तृतीयांश जप्त होऊ शकतात. इतर कर्जांच्या डिक्रीपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. कायद्यानं इथे बायकापोरांना झुकतं माप दिलं आहे आणि आपण ते वापरत नाही. वापरलं तरी अर्धवट. शिक्षक नवरा असेल तर जप्तीचं पत्र शाळेच्या पत्त्यावर जातं आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेखाली राहतं. पगार कोण काढतं ते शोधा. सरकारी पगारप्रणालीतला त्याचा क्रमांक, म्हणजे सरकारी कर्मचारी असेल तर सेवार्थ क्रमांक, शिक्षक असेल तर शालार्थ क्रमांक, आणि आहरण व संवितरण अधिकाऱ्याचं पदनाम व पत्ता अर्जात अचूक लिहा. एकदा कपात सुरू झाली की ती दर महिन्याला आपोआप होते. बाईला तारखेला यावं लागत नाही, तिचा खाडा होत नाही, तुम्हालाही वॉरंटामागे पळावं लागत नाही.

‘नांदायला येत असेल तर आजही तयार आहे’ या पवित्र्याबद्दलही सांगायला हवं. पोटगीचा अर्ज आला की हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली नांदण्यासाठी उलट अर्ज टाकायचा, ही जुनी खेळी. अशा दाव्यावर मुंबई उच्च न्यायालयानं १८८७ साली रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं होतं. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन त्या सुटल्या, म्हणजे उलट बाईनंच पैसे मोजले. मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. आज कोणाला तुरुंगात पाठवत नाहीत, पण कलम आहे तिथेच आहे आणि पोटगी अडवायला बिनधास्त वापरलं जातं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नवऱ्याला नांदण्याचा हुकूमनामा मिळाला असला, तरी न जाण्यामागे बाईजवळ पुरेसं कारण असेल तर तिची पोटगी जात नाही. तो निकाल फाइलमध्ये ठेवा. नवऱ्याच्या बाजूनं उभे असाल तर कलम ९ चा अर्ज टाकण्याआधी त्याला एकच विचारा: उद्या ती खरंच बॅग घेऊन आली तर? उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो त्यावरून कळतं.

हो, नवऱ्यांची वकीलपत्रंही घ्या. मी घेते. प्रामाणिक नवऱ्याला वेळेवर पैसे भरायची सवय लावणं हीसुद्धा वसुलीच आहे, आणि थकबाकी साचली की काय होतं हे त्याला त्याच्याच वकिलाकडून ऐकायला मिळालेलं बरं.

तडजोडीच्या अटी लिहिताना ‘सोयीनुसार’ हा शब्द लिहायचा नाही. ‘वडिलांना मुलाची भेट उभयतांच्या सोयीनुसार’ असं लिहिलं की दिवाळी आली, भांडण सुरू. कोणता शनिवार, किती वाजता, कुठे, आणायला कोण, सोडायला कोण, मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला भाग कोणाचा, गणपतीत काय, सगळं लिहा. रकमेचंही तसंच. परस्पर संमतीच्या घटस्फोटात काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेला दुसऱ्या वेळी, डिमांड ड्राफ्टनं, न्यायाधीशांसमोर. सहा महिन्यांची वाट पाहायची अट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते हे २०१७ पासून ठरलेलं आहे; ती माफ करून घेताना घाई तुमच्या पक्षकाराची आहे की समोरच्याची, एवढं पाहा. मुलाच्या शाळेची फी ‘वडील भरतील’ असं लिहून थांबू नका, शाळेच्या खात्यात कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा. नीट लिहिलेल्या अटींची दरखास्त करावी लागत नाही, आणि लागलीच तर ती चालते.

आपल्याच बार कौन्सिलच्या छत्राखाली गोव्यातले वकील आहेत. तिथल्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, निम्मी बायकोची. तिकडचा कुणी भेटला तर त्यांच्याकडचं वाटपाचं प्रकरण समजून घ्या. आपल्या कायद्यात काय कमी आहे ते इतकं लख्ख दिसतं की चिडचिड होते.

पैशांचं बोलते, कारण त्याशिवाय हे सगळं पोकळ आहे. वसुलीचं काम वकील टाळतात कारण त्यात फी नाही. बाईकडे द्यायला नसतात, आणि ‘जेवढे वसूल होतील त्याचे टक्के’ असा करार बार कौन्सिलच्या नियमांनी केव्हाच बाद ठरवला आहे. कोणी तसं सुचवलं तर ऐकू नका, सनदेवर येईल. मी दर तारखेला लहानशी ठरावीक रक्कम घेते, निकाल काहीही लागो. जिला तीही जमत नाही तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळू शकतो. अनुभव झाला की त्या पॅनेलवर तुम्हीही नाव द्या. मोबदला थोडा, शिकायला भरपूर.

आणि तुमच्या पोटाचं काय? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नावनोंदणीची फी कायद्यातल्या साडेसातशे रुपयांवर, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशेवर आणली. सनद स्वस्त झाली, पहिली तीन वर्षं नाही. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनियरांना शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार स्टायपेंड द्यावा अशी शिफारस केली. शिफारसच ती. माझे समवयस्क सिनियर ‘आम्हाला कोणी दिलं होतं?’ असं विचारतात. आम्हाला कोणी दिलं नाही आणि म्हणून ज्यांच्या घरी दुसरी मिळकत नव्हती ती आमच्यातली चांगली चांगली मुलं वकिली सोडून गेली, हे उत्तर त्यांना आवडत नाही. फुकट राबणाऱ्या ज्युनियरला वसुलीच्या कंटाळवाण्या फायलींत जीव ओतायला सांगायचा मला तरी धीर होत नाही.

अपिलाचं अंतर थोडं कमी झालं आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खुद्द कोल्हापूर इथल्या पक्षकारांना आता मुंबईची वारी नको. याचा एक परिणाम लक्षात घ्या. अपील करणं समोरच्यालाही सोपं झालं. नुसतं अपील दाखल झालं म्हणून हुकूम थांबत नाही, स्थगिती लागते. ‘वर गेलोय’ असं नवरा सांगेल; स्थगितीची प्रत मागा, नसेल तर वसुली चालू ठेवा.

शेवटी कामाचं. माझ्याकडे दोन ज्युनियरांना जागा आहे. स्टायपेंड देते. शिफारशीतल्या आकड्याइतका नाही, पण दर महिन्याला आणि न मागता. पहिल्या वर्षी युक्तिवाद मिळणार नाही, दरखास्ती आणि थकबाकीच्या फायली मिळतील. दुचाकी असली तर बरं. पोलीस ठाणं एका टोकाला आहे आणि तलाठी कार्यालय दुसऱ्या.

आपली,
जिल्हा न्यायालयातली एक वकील